अड्यार ते वर्धा : कृषी संशोधनातील आंतरराष्ट्रीय साहाय्य

परकीय मदत म्हटली की धान्याने भरलेली जहाजे किंवा कर्जाचे आकडे डोळ्यांसमोर येतात. ज्ञान आणि प्रशिक्षण यांच्या स्वरूपात येणारी मदत तुलनेने कमी दिसते. परंतु तिचे परिणाम अधिक दीर्घकाळ टिकतात. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने ही मदत का मिळते, ती कशी राबवली जाते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

आर्थिक आधार

कृषी संशोधन हे सार्वजनिक वस्तूचे उत्तम उदाहरण आहे. गव्हाचे सुधारित बियाणे एकदा हाती आले की शेतकरी पुढील वर्षासाठी ते घरीच राखू शकतो व शेजाऱ्यालाही देऊ शकतो. त्यामुळे संशोधनाचा खर्च बाजारातून वसूल होत नाही आणि खासगी गुंतवणूक अपुरी राहते. ही उणीव शासन व आंतरराष्ट्रीय साहाय्य यांनी भरून काढावी, असा युक्तिवाद केला जातो. तथापि, एका देशातील वाण दुसऱ्या देशाच्या मातीत जसेच्या तसे रुजेलच असे नाही. म्हणून निधीइतकेच स्थानिक प्रशिक्षित मनुष्यबळ आवश्यक असते.

पार्श्वभूमी

१९५६ मध्ये भारताने अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्यान्वये धान्य आयातीचा पहिला करार केला. त्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानाशी कृषी संशोधनविषयक करार झाला आणि १९५८ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. म्हणजे धान्याची मदत आणि धान्य पिकवण्याच्या ज्ञानाची मदत या दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या झाल्या.

अमेरिकेतील सहा विद्यापीठांनी भारतात कृषी विद्यापीठे उभारण्यास साहाय्य केले. पंतनगर येथील विद्यापीठाला (१९६०) इलिनॉय विद्यापीठाचे, तर १९६८ मध्ये राहुरी येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्रातील पहिल्या कृषी विद्यापीठाला पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे सहकार्य लाभले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणण्यात आले. मात्र त्या वाणांचे दाणे लालसर होते. भारतीय ग्राहकाला रुचणारे पिवळसर दाण्याचे ‘कल्याण सोना’ व ‘सोनालिका’ हे वाण मेक्सिकन सामग्रीतून भारतीय शास्त्रज्ञांनीच निवडले. प्रशिक्षणाचे मोल येथे स्पष्ट होते.

चेन्नईचे उदाहरण

हरितक्रांतीचे अग्रणी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना १९८७ मध्ये पहिला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या रकमेच्या आधारे १९८८ मध्ये त्यांनी संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. चेन्नईत अड्यारला लागून असलेल्या तरमणी परिसरात त्याचे मुख्यालय आहे. या संस्थेच्या कार्यातून भागीदारीचे दोन नमुने अभ्यासता येतात.

पहिला नमुना माहिती केंद्रांचा. कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राच्या साहाय्याने १९९८ पासून पुदुच्चेरी परिसरात ग्रामीण ज्ञान केंद्रे सुरू झाली. वीरमपट्टिनम या मच्छीमार गावात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज संगणकावरून घेऊन तो ध्वनिक्षेपकावरून तमिळमध्ये सांगितला जाई. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा नल्लवाडू गावात सिंगापूरहून दूरध्वनीने इशारा मिळाला. ज्ञान केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना दिल्या गेल्या आणि गावकरी वेळेत सुरक्षित स्थळी गेले. ही यंत्रणा त्सुनामीसाठी उभारलेली नव्हती. रोजच्या वापरामुळे लोकांचा तिच्यावर विश्वास बसलेला होता.

दुसरा नमुना महाराष्ट्राशी निगडित आहे. ब्रिटिश शासनाच्या निधीतून २०१२ ते २०१८ या काळात दक्षिण आशियातील शेती आणि पोषण यांवर संशोधन झाले. त्याचे नेतृत्व या प्रतिष्ठानाकडे होते. ब्रिटन, बांगलादेश व पाकिस्तानातील संस्था त्यात सहभागी होत्या. त्याअंतर्गत वर्धा (महाराष्ट्र) व कोरापुट (ओडिशा) या जिल्ह्यांतील निवडक गावांत ‘पोषणासाठी शेती’ हा प्रयोग करण्यात आला. वर्ध्यात कापूस व सोयाबीनने शेत व्यापले की ज्वारी, डाळी व भाजीपाला मागे पडतो; उत्पन्न मिळते, पण ताट समृद्ध होतेच असे नाही. म्हणून प्रथम कुटुंबांच्या आहारातील उणिवा तपासणे, मग त्यानुसार पिके व परसबाग यांची आखणी करणे आणि सोबत पोषणविषयक प्रशिक्षण देणे, असा क्रम ठेवण्यात आला. गावातीलच स्त्री-पुरुषांना प्रशिक्षित करून पोषणाचा संदेश पोहोचवण्याची जबाबदारी सोपवण्यात आली.

मर्यादा

पहिली मर्यादा विषयनिवडीची. निधी देणाऱ्याची प्राधान्ये आणि कोरडवाहू शेतकऱ्याची निकड नेहमी एकच नसतात. दुसरी मर्यादा कालावधीची. प्रकल्प काही वर्षांत संपतो. संगणकाची दुरुस्ती, विजेचे देयक आणि प्रशिक्षकाचे मानधन मात्र संपत नाही. हा आवर्ती खर्च शासनाने किंवा ग्रामसंस्थेने वेळीच स्वीकारला नाही, तर यशस्वी प्रयोगही बंद पडतो. तिसरी मर्यादा अनिश्चिततेची. दात्या देशाचे धोरण बदलताच निधी आटतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत स्थगित केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या विकास साहाय्य संस्थेचे काम परराष्ट्र खात्याकडे वर्ग केले. अनेक देशांतील कृषी संशोधनाला त्याचा फटका बसला.

घेणारा ते देणारा

भारत १९६४ पासून ‘आयटेक’ कार्यक्रमाद्वारे विकसनशील देशांतील व्यक्तींना प्रशिक्षण देत आहे. म्यानमारमधील येझिन येथील प्रगत कृषी संशोधन व शिक्षण केंद्र, तसेच स्वामिनाथन प्रतिष्ठानाने आखलेले भात जैव उद्यान हे भारतीय साहाय्यातून उभे राहिले. मदत घेताना आलेले अनुभव आता मदत देताना उपयोगी पडायला हवेत.

निष्कर्ष

साहाय्याचे मोजमाप केवळ खर्च झालेल्या निधीवरून करता येणार नाही. दाता निघून गेल्यावर प्रशिक्षित माणूस, कार्यरत संस्था आणि स्वतःचे प्रश्न स्वतः ठरवण्याची क्षमता मागे उरते काय, हीच खरी कसोटी होय. कल्याण सोना आणि नल्लवाडूचा ध्वनिक्षेपक त्या कसोटीला उतरले. वर्ध्याच्या परसबागांची कसोटी निधी संपल्यानंतरच्या वर्षांत आहे.

सरावासाठी प्रश्न

१. कृषी संशोधनाला सार्वजनिक वस्तू का म्हटले जाते? सोदाहरण स्पष्ट करा.

२. धान्याची मदत आणि ज्ञानाची मदत यांतील फरक हरितक्रांतीच्या संदर्भात विशद करा.

३. प्रकल्प संपल्यानंतरच्या आवर्ती खर्चाची जबाबदारी कोणाची असावी? चर्चा करा.