आधी रस्ता, मग वस्ती
अहिल्यानगरच्या वाढीचा धडा

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. २०२४ साली अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या या शहराची वाढही बव्हंशी रस्त्यांच्या अनुरोधानेच झाली. पुणे रस्त्यावर केडगाव, मनमाड रस्त्यावर सावेडी व त्यापुढे नागापूरची औद्योगिक वसाहत. हाताची बोटे फाकावीत तशी वस्ती पसरत गेली.

अशा वाढीत दोन बोटांमधील शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जाते. भूखंड स्वस्त पडतो. परंतु पाणी, गटार व रस्ता मागाहून न्यावा लागतो. विखुरलेल्या घरांसाठी बस चालविणे परवडत नाही. मग घरोघरी मोटारसायकल येते आणि हमरस्ता तुंबतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहरात उड्डाणपूल खुला झाला. पूल वाहनांना वाट देतो. वस्ती कोठे व्हावी, हे मात्र तो ठरवू शकत नाही. बाह्यवळण रस्त्यालगत दुकानांची रांग उभी राहिली, तर उद्या तोही बाजाररस्ताच होईल.

ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग राखले आणि उंच इमारतींना त्याच मार्गांलगत वाव दिला. वाहतूक व जमीनवापर यांचा विचार तेथे एकत्र झाला.

आपल्याकडेही साधने आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रादेशिक योजना व विकास योजना करता येतात. नगररचना योजनेत अनेकांच्या जमिनी एकत्र आखून, रस्ते व मोकळ्या जागा वगळून, नीट आकाराचे भूखंड मालकांना परत मिळतात. मात्र दिरंगाई महागात पडते. विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला. २०२१ मध्ये त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. घर नियमित होते, पण न सोडलेला रस्ता कागदाने रुंद होत नाही.

म्हणूनच शहरालगतच्या ग्रामपंचायतींनी शिवरस्ते, ओढे व गायरान आजच जपणे अगत्याचे आहे. भूखंड घेण्यापूर्वी झोन दाखला पाहावा, हे ग्रामसभेत सांगितले जावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावनकाशा वाचावयास शिकवावे. नकाशावर वेळीच राखलेली वाट पुढील पिढीचा खर्च वाचविते.