मुलाचे पाय पाळण्याच्याही आधी



‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु मुलाच्या आरोग्याचा पाया पाळण्याच्याही आधी, मातेच्या उदरात घातला जातो. सेलू तालुक्यातील शेतकऱ्यास हे सहज पटेल. ज्वारीचे पीक बियाण्याइतकेच पेरणीच्या वेळच्या ओलीवरही अवलंबून असते.

याचा शास्त्रीय पुरावा महाराष्ट्रातील खेड्यांतच मिळाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. विशेष हे की, आपल्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ज्या माता दूध, पालेभाज्या व फळे वारंवार घेत, त्यांची बालके आकाराने मोठी होती.

पुण्यात जन्मलेल्या मुलांचा आणखी एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. जन्मतः वजनाने कमी, पण आठव्या वर्षी वजनदार झालेल्या मुलांत मधुमेह व हृद्रोगाकडे नेणारी लक्षणे सर्वांत अधिक आढळली.

तथापि प्रत्येक मुलाचा पिंड निराळा असतो. आईबापांकडून आलेले गुण, गर्भातील पोषण व पुढील राहणी या तिहींचा परिणाम एकत्र होतो. म्हणून कमी वजनाचे मूल पुढे रोगी होणारच असे मानू नये, व मातेस दोष तर मुळीच देऊ नये.

यात शिक्षकाचे काम कोणते? गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे ठाऊकही नसते. अर्थात तयारी त्यापूर्वीच व्हावयास हवी. आज सातवीत बसलेली मुलगी हीच उद्याची माता होय.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. मुलींची उंची व वजन नियमितपणे नोंदवावे.

२. लोह व फॉलिक आम्लाची साप्ताहिक गोळी जेवणानंतर आपल्या समक्ष घेववावी.

३. मेथी, शेपू, चवळी, दूध, दही, अंडी यांचे महत्त्व पाठातून सांगावे. बी-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी व मांसाहारातून मिळते, हे विसरू नये.

४. अठरा वर्षांच्या आत मुलीचा विवाह होऊ नये, हे पालकसभेत निक्षून सांगावे.

वर्गात एक प्रश्न अवश्य विचारावा : “तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते, आणि तिच्या वाट्याला काय उरते?” मुले उत्तर देतील, तेथूनच पाठास प्रारंभ करावा.