जहाजांची रंगीत बाराखडी

२६ जानेवारीला नौदलाची जहाजे रंगीबेरंगी बावट्यांच्या माळांनी सजवतात, ते चित्र तुम्ही पाहिले असेल. त्या दिवशी ती नुसती सजावट असते. एरवी मात्र यातला एकेक बावटा बोलतो बरं का!

इंग्रजीच्या २६ अक्षरांसाठी २६ बावटे आहेत. आकड्यांसाठी १० निमुळत्या पताका वेगळ्या. रंग फक्त पाच : लाल, निळा, पिवळा, काळा, पांढरा. हिरवा का नाही? लांबून हिरवा आणि निळा यांत गल्लत होते. म्हणून गडद रंगाशेजारी फिका रंग ठेवतात. मला तर हे बावटे सुंदर वाटतात ते यामुळेच, उगाच केलेली नक्षी त्यात कुठेच नाही.

आता 'ओ' चा बावटा बघा. चौकोन तिरपा कापून एक त्रिकोण लाल, एक पिवळा. अर्थ : माणूस पाण्यात पडला आहे! हे एका नजरेत कळायलाच हवे. समोरच्या जहाजावरचा खलाशी कोणती भाषा बोलतो याने काही बिघडत नाही, कारण अर्थ सगळ्या जगात एकच. 'ए' पांढरा-निळा, टोकाला खाच असलेला : आमचा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा आणि हळू जा. लाल-पांढऱ्या चार चौकटींचा 'यू' सांगतो, तुम्ही धोक्याकडे चालला आहात. 'क्यू' नुसता पिवळा. पूर्वी पिवळा बावटा म्हणजे जहाजावर रोगराई अशी धास्ती असे. आज अर्थ उलटा आहे : आमच्याकडे सगळे निरोगी, बंदरात येऊ द्या.

संपूर्ण वाक्यही बावट्यांनी सांगता येते, पण वेळ लागतो. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्राफल्गारच्या लढाईआधी नेल्सनला आपल्या आरमाराला संदेश द्यायचा होता. त्याने 'विश्वास आहे' अशा अर्थाचा शब्द निवडला होता. तो संकेतपुस्तकात नव्हता, एकेक अक्षर चढवावे लागले असते. संकेत अधिकारी पास्को याने 'अपेक्षा आहे' हा पुस्तकातला शब्द सुचवला. नेल्सनने लगेच मान्य केले. शेवटचा 'कर्तव्य' हा शब्द मात्र अक्षरे जोडूनच दाखवावा लागला!

कृती : पतंगाच्या कागदाचा 'ओ' बनवा. तसाच दुसरा हिरव्या-निळ्या कागदाचा करा. दोन्ही मैदानाच्या टोकाला धरायला सांगा आणि दुसऱ्या टोकावरून बघा. मधली तिरपी रेघ कोणत्या बावट्यात दिसते, ते वहीत लिहा.