रात्रपाळी आणि तरुण कामगाराचे मन

दमणगंगेच्या काठचे राखोली हे सिल्वासानजीकचे गाव. दादरा व नगरहवेली हा प्रदेश 1954 साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला आणि 1961 साली भारतीय संघराज्यात विलीन झाला. पुढे करसवलतींमुळे येथे कृत्रिम धाग्याचे व प्लास्टिकचे कारखाने उभे राहिले. शेजारच्या तलासरी, जव्हारपासून थेट बिहार, ओडिशापर्यंतचे तरुण पोटापाण्यासाठी येथे आले. 2011 च्या जनगणनेत या प्रदेशात दर हजार पुरुषांमागे अवघ्या 774 स्त्रिया आढळल्या. घरदार मागे ठेवून आलेल्या पुरुषांची संख्या किती मोठी असावी, याची कल्पना या एका आकड्यावरून येते.

धाग्याची यंत्रे अहोरात्र चालतात. म्हणून कामगारास पाळ्या कराव्या लागतात. परंतु शरीरातील झोपेचे चक्र उजेड-अंधारावर बेतलेले असते. पाळी वरचेवर बदलली की ते विस्कटते. त्यात एका खोलीत पाच-सहा जण राहत असले, तर रात्रपाळीहून आलेला डोळे मिटतो न मिटतो तोच दुसऱ्याचा स्टोव्ह पेटतो. अपुऱ्या झोपेने चिडचीड, विसराळूपणा व उदासीनता वाढते; यंत्रावर हात चुकण्याचा धोका बळावतो. पर्यवेक्षकास मात्र हा आळस वाटतो आणि दुखण्यावर दंडाचा उपाय केला जातो.

म्हणून एरवी नियमित असलेल्या कामगाराची गैरहजेरी वाढल्यास खुलासा मागण्यापूर्वी त्यास बाजूला घेऊन विचारावे : झोप होते काय? जेवण जाते काय? घरी बोलणे होते काय? पाळीचे वेळापत्रक आगाऊ लावावे, रात्रपाळीस लागून दिवसपाळी देऊ नये. आठवड्यास 48 तासांची मर्यादा व जादा कामास दुप्पट वेतन ही तत्त्वे 1948 च्या कारखाने अधिनियमापासून आपल्या कायद्यात रुजलेली आहेत. तथापि दुप्पट वेतनाने हुकलेली झोप भरून येत नाही, हेही ध्यानी असावे.

'आता जगण्यात राम नाही' असे कोणी बोलल्यास ते थट्टेवारी नेऊ नये. त्यास एकटे सोडू नये व डॉक्टरांकडे न्यावे. 2022 साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही, केव्हाही व विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक हजेरीच्या जागी ठळक लिहून ठेवावा. यंत्रास तेलपाणी वेळेवर मिळावे म्हणून आपण दक्ष असतो. ते चालविणाऱ्या हातांमागे एक मन आहे, याचा विसर पडू नये.