सातबारा बँकेत देण्याआधी

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे तोच प्रश्न येतो: ‘पायलट व्हायला खर्च किती?’ गेल्या आठवड्यात एक वडील सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले होते. मुलगा शेजारी बसून पिशवीच्या बंदाला गाठी मारत होता. तासाभरात एकदाच बोलला, ‘पप्पा म्हणतील तसं.’

खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचे पेपर, 200 तासांचं उड्डाण, मग लायसन्स. एअरबस-बोइंगचं टाइप रेटिंग वेगळं. हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल.

त्यात नसतं ते ऐका. 18 मार्च 2023 रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून सरावाला निघालेलं छोटं विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघंही गेले. 26 एप्रिल 2017 ला बिरसीहूनच उडालेलं विमान वैनगंगेवर ताणलेल्या तारेला धडकलं, तेव्हाही दोघं गेले. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात प्रशिक्षकाचा जीव गेला, विद्यार्थिनी जखमी झाली.

तार वरून दिसतच नाही. दिसते तोवर वळायला वेळ उरलेला नसतो. किमान उंचीचा नियम असतो तो याच्यासाठी. म्हणून उड्डाण प्रशिक्षण संस्थेत गेलात की वसतिगृहाच्या खोल्या बघत बसू नका. विमानं किती, त्यातली आज उडण्याजोगी किती, अपघात झालाय का, झाला असेल तर त्यानंतर काय बदललं, हे विचारा. विमान अपघात अन्वेषण विभागाचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. उत्तर द्यायला कचरणाऱ्या संस्थेत पैसे भरू नका.

आणि पालकांनो, हप्त्याचा धाक दाखवून ‘तास लवकर भर’ असं फोनवर सांगू नका. ढग दाटले, डोकं दुखतंय, मनात धास्ती आहे, तर ‘आज उडत नाही’ हे मुलाला म्हणता आलं पाहिजे. वरच्या अपघातांतल्या मुलींबद्दल मी हे म्हणत नाही. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांबद्दल म्हणतोय. घरात ज्याला कधी ‘नको’ म्हणू दिलं नाही, तो प्रशिक्षकासमोर ते कसं म्हणणार?

विमानाचं वेड असेल, तर हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचा विचार कुणीच का करत नाही? फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनीअरिंग करायचं आणि विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा द्यायची. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्राधिकरणच देतं, त्याचं एक केंद्र गोंदियातच आहे. शेत गहाण ठेवावं लागत नाही. उडणारी विमानं एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवणं हे कमी दर्जाचं काम आहे, असं वाटत असेल तर एकदा नियंत्रकाशी बोलून बघा.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं: आधी मुलाची डीजीसीएच्या नियमांप्रमाणे वैद्यकीय तपासणी करून घ्या, रंगांधळेपणाच्या चाचणीसकट. पुढच्या वेळी त्याला एकट्याला पाठवा. सातबारा घरीच राहू द्या.