घराला भेग पडली, जबाबदारी कोणाची?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, हिंगोलीची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यात 21 मार्च 2024 ला 4.5 तीव्रतेचा भूकंपही झाला. म्हणून घर घेताना हे माहीत हवंच.

1) बिल्डरकडून नवं घर : रेरा कायदा 2016, कलम 14(3). ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई.

2) मालकाकडून जुनं घर : मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882, कलम 55. विकणाऱ्याला माहीत असलेला, पण आपल्याला सहज न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. लपवला तर ती फसवणूक. उघड दिसणारी भेग मात्र आपणच बघायची.

म्हणून खरेदीखताआधी इंजिनिअरला घर दाखवा, फोटो काढून ठेवा आणि तक्रार नेहमी लेखीच करा.