कुरळे केस वारंवार सरळ केल्याने त्यांची हानी होते काय?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या बाजारपेठांत स्त्रियांची केशप्रसाधनगृहे, म्हणजे पार्लरे, आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, गावची जत्रा किंवा चवथ जवळ आली, की तेथे वर्दळ वाढते. कुरळे केस सरळ करून घेणाऱ्या मुलीही त्यात असतात. काही घरांत विजेवर चालणारी केसांची इस्त्री आली असून महाविद्यालयात, हॉटेलात किंवा मोपाच्या विमानतळावर कामाला जाताना ती रोज सकाळी वापरली जाते. अशा नित्य वापराने केस बिघडतात काय, हा प्रश्न मुली आणि त्यांच्या आया विचारतात. उत्तर देण्यापूर्वी केस म्हणजे काय, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

केसाची घडण

डोक्यावर दिसणारा केस सजीव नसतो. त्वचेच्या आत असलेले मूळ तेवढे जिवंत असते. तेथे नवीन पेशी तयार होतात, त्या वर ढकलल्या जातात आणि केराटीन नावाच्या प्रथिनाने भरून कठीण व निर्जीव होतात. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक तीन वर्षांहून अधिक जुने असते. हाताला जखम झाली तर ती भरून येते, कारण त्वचा जिवंत आहे. केसाला झालेली इजा भरून येत नाही. ती तशीच राहते आणि पुढील प्रत्येक इजेची तीत भर पडत जाते. या विषयाचे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे.

केसाच्या बाहेरच्या अंगाला छपरावरील कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या पातळ खवल्यांचे आवरण असते. आतील भागात केराटीनचे तंतू असतात. हे तंतू दोन प्रकारच्या बंधांनी परस्परांना बांधलेले असतात. पहिले, हायड्रोजनचे बंध, दुबळे असतात. पाण्याने किंवा उष्णतेने ते सुटतात आणि पुन्हा जुळतात. दुसरे, गंधकाचे बंध, बळकट असून ते तोडण्यास तीव्र रसायने लागतात.

केस कुरळा होतो तो त्याच्या मुळाच्या आकारामुळे. सरळ मुळातून बहुधा गोल छेदाचा केस निघतो. वाकड्या मुळातून काहीसा चपटा, वळणे घेणारा केस निघतो. वरच्या केसावर कोणताही उपचार केला तरी मुळाचा आकार बदलत नाही. त्यामुळे नवीन केस कुरळाच उगवतो. टाळूतील ग्रंथींचे तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत सहज उतरत नाही, आणि प्रत्येक वळणावर खवले किंचित उचललेले असतात. म्हणून कुरळा केस स्वभावतःच कोरडा व लवकर तुटणारा असतो. ज्या केसावर हे उपचार प्रामुख्याने केले जातात, त्याच केसाला ते सोसण्याची शक्ती कमी असते.

इस्त्रीची उष्णता

केसांच्या इस्त्रीचे तापमान साधारणतः १५० ते २३० अंश सेल्सिअस इतके असते. या उष्णतेने हायड्रोजनचे बंध सुटून केस सरळ होतो. गंधकाचे बंध न तोडता हा परिणाम साधत असल्याने ही पद्धत रसायनांपेक्षा सौम्य मानली जाते. परंतु तापमान १८० अंशांच्या वर गेल्यास प्रथिनांची हानी झपाट्याने वाढते, खवल्यांना भेगा पडतात व केस निस्तेज होतो. ओल्या केसावर इस्त्री फिरवणे तर सर्वांत घातक होय. केसात शिरलेल्या पाण्याची एकदम वाफ होते, ती बाहेर पडण्यास वाव न मिळाल्याने आत बुडबुडे तयार होतात आणि त्या ठिकाणी केस मोडतो.

गोव्याच्या हवेचाही येथे विचार केला पाहिजे. केस हवेतील बाष्प शोषून घेतो. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेल्यास तो सुमारे २ ते २.५ टक्क्यांनी लांबतो. याच गुणाचा उपयोग करून स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ साली मानवी केसाचे आर्द्रतामापक प्रसिद्धीस आणले. पावसाळ्यात आपल्याकडील आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे सकाळी इस्त्रीने सरळ केलेला केस दुपारपर्यंत पुन्हा वळू लागतो व दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्त्री हाती घ्यावी लागते. वर्षातून दोनदा लग्नकार्यासाठी केलेली इस्त्री आणि आठवड्यातून पाच दिवस केलेली इस्त्री यांत म्हणूनच मोठे अंतर आहे.

रसायनांचे उपचार

दीर्घकाळ टिकणाऱ्या उपचारांत गंधकाचे बंध रसायनाने तोडले जातात. रिबाँडिंग या नावाने प्रचलित असलेल्या पद्धतीत बहुधा थायोग्लायकोलेटयुक्त लेप लावतात, केस इस्त्रीने सरळ करतात व नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध पुन्हा जुळवतात. मात्र तुटलेले सर्व बंध पुन्हा जुळत नाहीत; प्रत्येक वेळी केस थोडा दुबळा होतो. काही लेपांत सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, असतो. अशा लेपाचा सामू १२ ते १४ इतका असून तो टाळूवर राहिल्यास त्वचा भाजते. भाजलेल्या जागी व्रण होऊन मूळ नष्ट झाले, तर तेथे पुन्हा केस येत नाही.

काही महिन्यांनी मुळाशी कुरळा केस दिसू लागला, की उपचार पुन्हा केला जातो. त्या वेळी लेप जुन्या, आधीच दुबळ्या झालेल्या भागावरही पसरला तर केस तेथेच तुटतात. ‘कायमचे सरळ’ या शब्दांचा अर्थ व्यवहारात ‘पुनःपुन्हा सरळ’ असा होतो, हे पैसे मोजण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

‘केराटीन उपचार’ या नावाने केसांचे पोषण होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. निर्जीव केस अन्न घेत नाही. या प्रकारच्या काही द्रव्यांत फॉर्मॅल्डिहाइड असते किंवा इस्त्रीच्या उष्णतेने ते बाहेर पडते. शाळेच्या प्रयोगशाळेत मृत प्राणी टिकवण्यासाठी वापरतात ते फॉर्मॅलिन म्हणजे याच वायूचे पाण्यातील द्रावण. जुलै २०१८ मध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या प्रश्नावरून गोव्यात मोठी खळबळ माजली होती व बाहेरील मासळीवर काही काळ बंदी घालण्यात आली होती. मासळीच्या बाबतीत दाखवलेली ही दक्षता केसांच्या बाबतीतही हवी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मॅल्डिहाइडची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. बंद, वातानुकूलित खोलीत दिवसभर ही वाफ हुंगणाऱ्या पार्लरमधील कामगार मुलींना धोका ग्राहकापेक्षा अधिक असतो.

फॉर्मॅल्डिहाइडऐवजी काही द्रव्यांत ग्लायऑक्झिलिक आम्ल वापरतात. एका २६ वर्षांच्या तरुणीस अशा उपचारानंतर २०२०, २०२१ व २०२२ या तिन्ही वर्षी मूत्रपिंडाचा तीव्र विकार झाल्याचे फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केले. हे आम्ल टाळूतून शरीरात जाऊन त्याचे ऑक्झलेट बनते व त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात, असे उंदरांवरील प्रयोगात दिसून आले. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी रसायने वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण ती न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. वयाच्या सत्तरीपर्यंत हा रोग होण्याची शक्यता न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के इतकी अंदाजण्यात आली. यावरून रसायनेच रोगाचे कारण आहेत असे सिद्ध होत नाही. तथापि वारंवार वापर टाळण्यास एवढा संबंध पुरेसा आहे.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखवता येईल. फणीत आलेला एक साधा केस व एक वारंवार सरळ केलेला केस घ्यावा. दोन्ही काही मिनिटे पाण्यात भिजवावेत. प्रत्येकाचा १० सेंटिमीटरचा भाग मोजपट्टीवर धरून हळूहळू ताणावा. निरोगी ओला केस सुमारे ३ सेंटिमीटरपर्यंत ताणला जातो व सोडल्यावर बराचसा पूर्ववत होतो. बिघडलेला केस लवकर तुटतो किंवा ताणलेलाच राहतो.

घ्यावयाची काळजी

१. इस्त्री रोज वापरू नये. वापरलीच तर केस पूर्ण कोरडे करून, तापमान १८० अंशांच्या आत ठेवून, एका बटेवर एकदाच फिरवावी. केसांना नुकतेच तेल लावले असताना इस्त्री करू नये.

२. न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडील रीत चांगली आहे. हे तेल केसात शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ साली दाखवले आहे. मात्र तुटलेले बंध तेलाने जुळत नाहीत.

३. कुरळे केस ओले असतानाच रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवीत विंचरावेत.

४. पार्लरमध्ये बाटलीवरील घटकांची यादी, परवाना क्रमांक व मुदतीची तारीख पाहण्याचा ग्राहकास हक्क आहे. फॉर्मॅलिन, मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायऑक्झिलिक आम्ल ही नावे आढळल्यास उपचार घेऊ नये. लेबल नसलेल्या मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे करावी.

५. लहान मुली व गरोदर स्त्रिया यांनी ही रसायने टाळावीत. टाळूवर जखम असताना लेप लावू नये.

६. टाळूची आग झाल्यास लेप त्वरित भरपूर पाण्याने धुवावा. उपचारानंतर उलट्या, ताप किंवा पाठदुखी सुरू झाल्यास विलंब न लावता आरोग्य केंद्रात जावे व कोणते द्रव्य लावले ते डॉक्टरांना सांगावे. केस पुंजक्यांनी गळू लागल्यास बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे.

सारांश, वारंवार सरळ केल्याने कुरळ्या केसांची हानी होते. क्वचित व काळजीपूर्वक वापरलेल्या इस्त्रीने ती अल्प होते, रसायनांनी अधिक होते आणि ती केसापुरतीच मर्यादित राहील याची खात्री नसते. मूळ शाबूत असेल तर नवा केस निरोगी येतो, ही समाधानाची बाब आहे. बिघडलेला भाग हळूहळू कापीत गेल्यास दोन-तीन वर्षांत केस पूर्वस्थितीस येतात. कुरळेपणा हा रोग नव्हे, अस्वच्छतेची खूणही नव्हे. वर्गात एखाद्या मुलीचे केस अस्ताव्यस्त म्हणून तिला बोल लावण्यापूर्वी, किंवा स्थळ पाहायला येणाऱ्यांसाठी ते सरळ करून घेण्याचा आग्रह धरण्यापूर्वी, शिक्षकांनी व पालकांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ अपाय टळेल.